डीटीएचवर एचडीत हॉकी बघायचीय? मग आधी टीव्हीतलं क्रिकेट काढा

एचडी पॅकचे पैसे महिन्याच्या महिन्याला कापले जातात, टीव्ही चांगला त्रेचाळीस-पन्नास इंची, आणि भारताची मॅच लावली की बॉल कुठंय तेच कळत नाही, प्लेअर पळायला लागला की त्याचे पाय आणि टर्फ एकमेकात मिसळतात, पेनल्टी कॉर्नरला गोल झाला हे कॉमेंटेटर बोंबलल्यावर समजतं. ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकलीय (आमच्या खडकी-पिंपरीकडं हॉकी बघणारे अजून बऱ्यापैकी शिल्लक आहेत, धनराज पिल्ले खडकीचाच) की म्हटलं एकदा बैजवार लिहूनच टाकू, म्हणजे प्रत्येकाच्या घरी जाऊन रिमोट हातात घ्यायला नको.

मुळात काय आहे ना, आपल्याकडं टीव्ही, डीटीएच, पॅक, सगळं क्रिकेट डोळ्यासमोर ठेवून विकतात आणि लावूनही तसंच देतात. टीव्ही बसवायला आलेला माणूस जाताना स्पोर्ट्स मोड नाहीतर क्रिकेट मोड टाकून जातो, रंग भडक, हिरवळ हिरवीगार, घरचे खूश. त्याच सेटिंगवर हॉकी लावली की वाट लागते. आणि गंमत म्हणजे बॉल दोन्हीकडं जवळपास सारखाच आहे, वजन दोन्हीचं १५६ ते १६३ ग्रॅमच्या आसपास आणि परीघ दोन्हीचा २२४ मिलिमीटरपासून पुढं. फरक कॅमेऱ्यात आहे. बॅट्समन दाखवताना कॅमेरा झूम केलेला असतो, चौकटीत फार तर सात-आठ मीटर रुंदीचा भाग मावतो, एचडीची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे बॉलच्या वाट्याला पंधरा-वीस पिक्सेल येतात. हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, मेन कॅमेरा त्यातलं साधारण अर्धं दाखवतो, पंचेचाळीस मीटर धरा, तर एका पिक्सेलमध्ये सव्वादोन-अडीच सेंटीमीटर आले आणि सात सेंटीमीटरच्या बॉलला मिळाले तीन पिक्सेल. तीन! एसडीत, म्हणजे जुन्या साध्या प्रक्षेपणात, रुंदीच ७२० पिक्सेलची, तिथं बॉल म्हणजे जेमतेम एक ठिपका, तो दिसला तर नशीब.

त्यात आपल्याकडची एचडी चॅनल्स १०८०आय मध्ये येतात, यातला आय महत्त्वाचा. म्हणजे पूर्ण चित्र एकदम येत नाही, आधी विषम ओळी येतात, मग सम ओळी, सेकंदाला अशी पन्नास अर्धी चित्रं. आता हरमनप्रीत सिंगचा ड्रॅग फ्लिक (पेनल्टी कॉर्नरला बॉल स्टिकनं ओढत नेऊन भिरकावतात तो फटका) ताशी १०० किलोमीटरने निघाला असं धरलं तर दोन अर्ध्या चित्रांच्या मधल्या वेळात बॉल पंचावन्न सेंटीमीटर पुढं गेलेला असतो. मेन कॅमेऱ्याच्या हिशोबात वीस-पंचवीस पिक्सेल. बॉल स्वतः तीन पिक्सेलचा, उडी चोवीस पिक्सेलची, आणि ही दोन अर्धी चित्रं जोडून एक करायचं काम तुमच्या टीव्हीतली चिप करते नाहीतर सेट टॉप बॉक्स करतो. ते काम ज्यानं नीट केलं त्याच्या घरी बॉल दिसतो. बाकीच्या सगळ्या सेटिंगचा खेळ या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून एवढं गणित सांगितलं, कंटाळला असाल तर माफ करा.

आता करायचं काय ते.

आधी तुम्ही खरंच एचडी बघताय का ते तपासा. हसू नका, निम्म्या घरांत इथंच घोळ असतो. एचडी बॉक्स आहे म्हणजे एचडी चॅनल आहे असं नसतं, एचडी चॅनलचा नंबर वेगळा असतो आणि एसडीचा वेगळा, आणि बोटाला सवय जुन्या एसडी नंबरची झालेली असते. मॅच लावल्यावर कोपऱ्यातला लोगो बघा, त्यात एचडी लिहिलेलं असतं. नसेल तर गाइडमध्ये जाऊन त्याच चॅनलचं एचडी शोधा, लागलं नाही आणि सबस्क्राइब करा असा मेसेज आला तर ते तुमच्या पॅकमध्येच नाही. आपल्याकडं २०१९ पासून सुटं चॅनल घेता येतं, त्यामुळं अख्खा मोठा पॅक घ्यायची गरज नाही, स्पर्धेपुरतं तेवढं एक चॅनल टाका आणि संपली की काढा. कस्टमर केअरवाला पॅकच गळ्यात मारायला बघेल, त्याला शांतपणे सांगायचं की बाबा मला फक्त हेच एक पाहिजे, १८ टक्के जीएसटी धरून किती होतात तेवढं सांग.

दुसरं, वायर. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय गेलीय का बघा. लाल-पांढरी-पिवळी पिनवाली वायर असेल तर कितीही महागाचं चॅनल घ्या, टीव्हीत जाणार ते एसडीच. जुना टीव्ही बदलला पण मागची वायर तीच राहिली अशी घरं मी स्वतः बघितलीत, काकू म्हणतात नवीन टीव्ही आणला पण फरक काही पडला नाही हो. कसा पडेल.

मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा. नावं वेगवेगळी असतात, डिस्प्ले, व्हिडिओ आउटपुट, रेझोल्युशन, असं काहीतरी. तिथं ५७६ असेल तर लगेच बदला. राहिले पर्याय १०८०आय, ७२०पी, आणि काही बॉक्सला १०८०पी. इथं बरेच जण डोळे झाकून सगळ्यात मोठा आकडा ठेवतात. तसं करू नका. १०८०आय ठेवलं तर चॅनल येतं तसंच टीव्हीला जातं आणि ओळी जोडायचं काम टीव्ही करतो, १०८०पी किंवा ७२०पी ठेवलं तर ते काम बॉक्स करतो. बऱ्यापैकी कंपनीचा टीव्ही असेल तर त्याची चिप बॉक्सपेक्षा चांगली असते, म्हणून माझं मत आधी १०८०आय. पण टीव्ही अगदीच स्वस्तातला असेल तर उलटंही होतं, तिथं ७२०पी वर चित्र थोडं मऊ दिसतं पण पळणाऱ्या माणसाच्या कडेला येणारे कंगव्याच्या दातांसारखे फाटे जातात. बघून ठरवायचं. मॅच चालू असताना साइडलाइनवरून पळणारा विंगर धरा, त्याची स्टिक बघा, स्टिक एकसंध दिसली तर सेटिंग बरोबर, तुकडे दिसले तर दुसरं लावा. हाफ टाइमच्या गप्पांवर किंवा जाहिरातीवर हे तपासू नका, तिथं सगळंच छान दिसतं.

आस्पेक्ट रेशोही एकदा बघून घ्या, १६:९ ठेवा, झूम किंवा स्ट्रेच असेल तर काढा. आणि टीव्हीत एक पर्याय असतो जो कडेची चार-पाच टक्के चौकट कापतो आणि उरलेलं ताणून पूर्ण पडद्यावर बसवतो, कुणी का ठेवलाय अजून देव जाणे. एलजीवर जस्ट स्कॅन चालू करा, सॅमसंगवर स्क्रीन फिट किंवा फिट टू स्क्रीन, सोनीवर डिस्प्ले एरियामध्ये फुल पिक्सेल. त्यानं चित्र जसंच्या तसं बसतं, आणि कोपऱ्यातला स्कोअर अर्धा कापलेला दिसायचा तोही पूर्ण दिसायला लागतो. तीन पिक्सेलचा बॉल ताणून पुसट करण्यात काही अर्थ नाही.

आता खरा माल, टीव्हीचं पिक्चर सेटिंग. यात सगळ्यात मोठा चोर म्हणजे नॉइज रिडक्शन. याचं काम चित्रातले बारीक फालतू ठिपके पुसायचं, मागचं चित्र आणि आत्ताचं चित्र ताडून बघतं आणि जो ठिपका आधी नव्हता आणि आता अचानक आला तो कचरा समजून धुऊन टाकतं. हॉकीचा बॉल म्हणजे नेमकं तेच की हो, निळ्या टर्फवर अचानक आलेला तीन पिक्सेलचा पांढरा नाहीतर पिवळा ठिपका! टीव्ही इमानेइतबारे बॉल पुसतो आणि आपण कॅमेरामनला शिव्या घालतो. सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हीवर याचं नाव डिजिटल क्लीन व्ह्यू, एलजीवर नॉइज रिडक्शन आणि एमपेग नॉइज रिडक्शन अशी दोन, सोनीवर रँडम नॉइज रिडक्शन आणि डिजिटल नॉइज रिडक्शन. सगळी ऑफ. ऑटो सुद्धा नको, ऑफ म्हणजे ऑफ. सीरियल बघताना चित्र थोडं दाणेदार वाटेल, घरच्यांनी तक्रार केली तर मॅचनंतर परत चालू करून द्या, त्यावरून भांडण नको.

दुसरा चोर मोशन. सोनीचं मोशनफ्लो, एलजीचं ट्रूमोशन, सॅमसंगचं ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. हे दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं तिसरं चित्र बनवून घालतं म्हणजे हालचाल लोण्यासारखी वाटावी. क्रिकेटमध्ये खपून जातं. हॉकीत दहा स्टिका, वीस पाय आणि एक बॉल सर्कलमध्ये एकाच वेळी दहा दिशांना चाललेत, तिथं त्या बिचाऱ्याला अंदाजच येत नाही कुठली वस्तू कुठं चाललीय, मग एकाच्या दोन स्टिका दिसतात, बॉल मध्येच गायब होऊन पुढं उगवतो. ऑफ करून बघा, फारच धक्के वाटले तर कस्टममध्ये जाऊन डी-जडर शून्य आणि डी-ब्लर थोडं, एवढंच ठेवा. फिल्म मोड, रिअल सिनेमा असं जे काही असेल तेही बंद, ते सिनेमासाठी आहे, १०८०आयच्या मॅचला त्याचा कधीकधी उलटा परिणाम होतो.

शार्पनेस कमी करा. हे कुणाला पटत नाही, पण शार्पनेस वाढवला की प्रत्येक कडेला पांढरी झालर येते, मैदानावरच्या पांढऱ्या रेषांना तर दुहेरी कड दिसते, आणि बॉल रेषेजवळ गेला की त्या झालरीत हरवतो. आणि मोड स्पोर्ट्स किंवा व्हिविड नको, स्टँडर्ड घ्या नाहीतर सिनेमा मोड घेऊन बॅकलाइट वाढवा. व्हिविडमध्ये निळं टर्फ इतकं चकाकतं की डोळे दुखतात, आणि आजकाल मोठ्या स्पर्धा बहुतेक निळ्या टर्फवरच असतात. हे निळं प्रकरण लंडन २०१२ ऑलिंपिकपासून गाजलं, तिथं निळं टर्फ, कडेला गुलाबी पट्टा आणि बॉल पिवळा ठेवला होता, प्रेक्षकाला आणि कॅमेऱ्याला बॉल दिसावा म्हणून. त्यांनी एवढा खटाटोप करायचा आणि आपण रिमोटच्या एका बटणानं त्यावर पाणी फिरवायचं.

एवढं सगळं केल्यावर सेटिंग त्या एचडीएमआय इनपुटलाच सेव्ह होतंय का बघा, काही टीव्हीत प्रत्येक इनपुटचं वेगळं असतं आणि लाइट गेली की काहींचं परत मूळ पदावर येतं. फोनवर सेटिंगचे फोटो काढून ठेवा.

आता छत्री, म्हणजे गच्चीवरची डिश. हॉकीचं आणि आपल्या पावसाचं काय वैर आहे कळत नाही, हॉकीच्या आंतरराष्ट्रीय प्रो लीगचा युरोपातला टप्पा जूनमध्ये येतो, ऑलिंपिक जुलै-ऑगस्टमध्ये, २०२६ चा वर्ल्ड कपसुद्धा बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये ऑगस्टलाच ठेवलेला. म्हणजे मॅच असते तेव्हा नेमका कोकणात, मुंबईत, घाटाखाली धो धो. डीटीएचचा सिग्नल केयू बँडवर येतो, दहा-बारा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि पावसाचे मोठे थेंब हा सिग्नल खातात. जोराची सर आली की पाच-दहा मिनिटं जाणारच, त्याला कुणाचाच इलाज नाही. पण रिमझिम चालू आहे आणि तरी चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, तर ते पावसाचं पाप नाही, तुमच्या छत्रीचा निशाणा आधीच हललेला आहे आणि पाऊस फक्त निमित्त झालाय.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बघायची क्वालिटी. आमच्याकडं आलेला टेक्निशियन स्ट्रेंथवर बोट ठेवून म्हणाला, "दादा, सिग्नल फुल आहे, तुमचा टीव्हीच गेलाय." खालचा क्वालिटीचा पट्टा निम्म्यावर होता. मी म्हटलं, "भाऊ, तो खालचा बघ ना जरा." मग वर गेला, नट ढिला निघाला, वाऱ्यानं छत्री बोटभर फिरली होती. परत बसवल्यावर टीव्ही आपोआप बरा झाला. तर हा आकडा उन्हाळ्यात, आभाळ मोकळं असताना लिहून ठेवा, मग पावसाळ्यात किती पडला ते कळतं. मोकळ्या आभाळातच क्वालिटी काठावर असेल तर जूनमध्ये तुम्हाला हॉकी दिसणार नाही, मे महिन्यातच दुरुस्त करून घ्या, जूनमध्ये माणूस पत्र्यावर चढत नाही, आणि चढूही नये.

निशाण्याचं थोडं माहीत असलेलं बरं. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहे, म्हणजे महाराष्ट्रातून दक्षिणेकडं किंचित पूर्वेला आणि बराच उंच. एअरटेलचा १०८.२ अंशावर, तो आग्नेयेला आणि खाली, पुण्यातून जेमतेम पंचेचाळीस अंशावर. फ्री डिशचा ९३.५, दोघांच्या मधला. यावरून काय कळतं, तर एअरटेलवाल्यांच्या आग्नेयेला शेजाऱ्याचा नारळ, आंबा, नवीन चढवलेली पाण्याची टाकी असली तर जास्त त्रास. झाड दरवर्षी वाढतं, छत्री तिथंच असते, आणि पावसात पालवी ओली झाली की उरलासुरला सिग्नलही जातो. फांदी तोडायची की छत्री सरकवायची हे शेजाऱ्याच्या स्वभावावर ठरवा.

वायरीचं पण बघा. छत्रीच्या तोंडाला सिग्नल पकडणारा जो एलएनबी असतो त्याचं प्लास्टिकचं टोपण उन्हानं तडकतं आणि आत पाणी जातं. तिथून निघणारी वायर खाली झोळ देऊन मग भिंतीकडं न्यायची, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला टपकतं, कनेक्टरात शिरत नाही. कनेक्टर उघडून बघा, मधली तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर. आणि मध्ये जॉइंट मारून वायर लांबवलेली असेल तर तो जॉइंट काढून अखंड आरजी६ वायर टाका, दोनशे-तीनशे रुपये वाचवायला जाऊन वर्षभर चौकोन बघण्यात काय मजा. कोकणात किंवा मुंबईत फारच त्रास असेल तर ६० सेंटीमीटरच्या जागी ९० ची छत्री लावून घेता येते, क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, मुसळधार सरीत तरी फार फरक नाही पडणार पण मध्यम पावसात नक्की टिकते. आणि ऐन मॅचमध्ये एचडी गेलंच तर लगेच हार मानू नका, त्याच मॅचचं एसडी चॅनल किंवा दुसऱ्या भाषेतलं चॅनल लावून बघा, ते वेगळ्या ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरचा चॅनल्स खाली पाठवणारा भाग) असेल तर चालू असू शकतं. टोकियोला २०२१ च्या ५ ऑगस्टला सकाळी ब्रॉन्झची मॅच, भारत ५-४ नं पुढं, शेवटचे सहा-सात सेकंद, जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, आणि आपला गोलकीपर श्रीजेशनं तो अडवला. अशा वेळी ठिपक्याएवढा बॉल चालेल, काळा पडदा नको.

आता जे आपल्या हातात नाही ते. एका ट्रान्सपाँडरवर बरीच चॅनल्स कोंबलेली असतात आणि प्रत्येकाला ठरावीक डेटा मिळतो. हॉकीत कॅमेरा सतत डावी-उजवीकडं फिरतो, त्यात ओल्या टर्फवर बॉल गेला की पाण्याचे बारीक तुषार उडतात, मागं गर्दी, म्हणजे प्रत्येक चित्रात सगळंच नवीन, आणि डेटा पुरत नाही मग टर्फचा पोत जाऊन चिखल दिसतो. हे बॉक्सच्या आधीच झालेलं असतं, घरी काही करता येत नाही. कॅमेरा थांबला की चित्र सुधारतं आणि फिरला की बिघडतं, तर दोष वरून आहे, सेटिंगशी खेळत बसू नका. तसंच परदेशातल्या काही मॅचचं फीडच कमी दर्जाचं येतं, ते एचडी चॅनलवर नुसतं मोठं करून दाखवतात, लोगो एचडी आणि मॅच एसडी. पैसे मात्र एचडीचे.

जाहिरातींबद्दल तर बोलायलाच नको. क्वार्टरच्या मध्ये दोन मिनिटं आणि हाफला दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात दाखवा की काय दाखवायचं ते. पण पेनल्टी कॉर्नर मिळाला की घड्याळ चाळीस सेकंद थांबतं, आणि नेमकं तेव्हा चित्र आकसून एल आकाराची जाहिरात घुसते. त्या चाळीस सेकंदांत तर खरी मजा असते, फटका मारायला कोण उभा राहतोय, गोलच्या रेषेवरून बॉल आत कोण ढकलणार, डिफेन्सवाले मास्क चढवतायत. चित्र आकसल्यावर बॉलचे तीन पिक्सेल दोनावर येतात हे त्यांना कोण सांगणार. क्रिकेटच्या ओव्हरमध्ये जागा असते, हॉकीत नसते, एवढं साधं गणित.

आणि मॅच कुठल्या चॅनलवर, हा तर वेगळाच छळ. टोकियो सोनीवर, २०२३ चा भुवनेश्वर-राउरकेलाचा वर्ल्ड कप स्टारवर, त्याच वर्षीच्या हांगझाऊ एशियन गेम्स परत सोनीवर, पॅरिस २०२४ वायाकॉम १८ कडं, राजगीरचा २०२५ चा एशिया कप पुन्हा सोनीवर. म्हणजे एक एचडी चॅनल घेऊन वर्षभर हॉकी हे विसराच. स्पर्धेच्या आठवडाभर आधी हॉकी इंडियाच्या किंवा स्पर्धेच्या अधिकृत पेजवर कोण दाखवणार ते बघायचं आणि मगच चॅनल टाकायचं. बरेच जण म्हणतात दूरदर्शनवर येईलच की. येतं, पण कुठं ते समजून घ्या. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं प्रक्षेपण खासगी चॅनलला प्रसार भारतीला द्यावं लागतं, पण २०१७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ते फीड दूरदर्शननं स्वतःच्या टॉवरवरच्या प्रक्षेपणात आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी डीटीएच आणि केबलवर जाणाऱ्या डीडीला ते नाही. म्हणून ऑलिंपिकची मॅच गावाकडं आजोबांच्या फ्री डिशवर फुकट दिसते आणि तुमच्या महागड्या बॉक्सवर त्याच डीडीवर भलतंच काहीतरी चालू असतं. बिघाड नाही तो, नियम आहे. गच्चीवर जागा असेल तर फ्री डिशची दुसरी छोटी छत्री टाकून ठेवा, एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही. एचडीची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका, अडीनडीला मॅच चुकत नाही एवढंच.

एचडीचा खरा उपयोग कधी कळतो सांगू, क्लोज-अपला. पॅरिसला ४ ऑगस्टला ग्रेट ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनलमध्ये सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं, स्टिक समोरच्याच्या डोक्याला लागली, मुद्दाम का चुकून यावर देशभर वाद, आणि तो वाद घालायचा तर रिप्लेमध्ये स्टिक आणि डोकं स्पष्ट दिसायला पाहिजे ना. ज्यांच्याकडं नॉइज रिडक्शन फुल होतं त्यांना तिथं नुसता घोळका दिसला. बाकीची जवळजवळ तीन क्वार्टर दहा जण खेळले, १-१ सुटली आणि शूटआउटमध्ये ४-२ नं जिंकले, ते मात्र कुठल्याही सेटिंगवर बघवत नव्हतं, टेन्शननं.

शूटआउटवरून आठवलं, रेकॉर्डिंग. गाइडमध्ये मॅचची वेळ दिलेली असते त्यावर विश्वास ठेवू नका, खेळ साठ मिनिटांचा पण रेफरल, कार्ड, दुखापत, पेनल्टी कॉर्नर धरून पावणेदोन तास सहज जातात, आणि बरोबरी झाली की शूटआउट वेगळं, प्रत्येकाला आठ सेकंद पण मधली तयारी मिळून पंधरा मिनिटं कुठंच गेली नाहीत. रेकॉर्डिंग लावताना शेवट तासभर पुढं ढकला, बॉक्समध्ये तसा पर्याय नसेल तर पुढचा जो कार्यक्रम असेल तोही रेकॉर्डला टाका. गाइडमध्ये लाइव्ह आणि रिपीट नीट बघा, नाव दोन्हीचं सेम असतं. आणि मॅच नंतर बघणार असाल तर मोबाइल लांब ठेवा. लाइव्ह बघणाऱ्यांनाही सांगतो, अॅपवरचं चित्र बहुतेक वेळा छत्रीच्या मागं असतं, उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर असला तरी सिग्नलला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, अॅपला त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे छत्रीवाल्यांनो, ग्रुपवर आधी तुम्हीच गोल टाकणार आणि अॅपवाल्यांच्या शिव्या खाणार. अर्धा मिनिट दम धरा, प्लीज.

तक्रार करायची वेळ आली तर फोनवर नुसतं भांडू नका. चॅनल नंबर, तारीख, वेळ आणि क्वालिटीच्या आकड्याचा फोटो हाताशी ठेवा, तक्रार क्रमांक मागून घ्या. "दादा रिफ्रेश मारतो, दोन तासांत होईल" हे ऐकायला मिळेलच, बॉक्स बंद-चालू करायला लावतील, तेही करा म्हणजे तो मुद्दा संपला. नाही सुटलं तर कंपनीच्या साइटवर नोडल ऑफिसरचा पत्ता असतो तिथं तक्रार क्रमांक टाकून मेल करा. ट्रायला, म्हणजे टेलिकॉम आणि टीव्हीच्या सरकारी नियामकाला, लिहून फायदा नाही, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पैसे कापले आणि चॅनल चालूच केलं नाही अशा भानगडीला तिचा उपयोग होतो. चित्र पुसट आहे म्हणून मात्र तिथं फोन करू नका, ते टीव्ही दुकानात दाखवा म्हणतील, आणि दुकानदार परत क्रिकेट मोड टाकून देईल.